जुन्या पोर्श ९११चं इंजिन: किट केवढ्याला, काम केवढ्याला?

हवेवर थंड होणाऱ्या पोर्श ९११ गाड्या १९६४ ते १९९८ या काळात बनल्या. त्यांतली १९७८ ते १९८३ची ९११ एससी अमेरिकेत आजही बऱ्यापैकी मिळते आणि तिथल्या हौशी मराठी मंडळींचीही तिच्यावर नजर असते. गाडी घेतल्यावर काही वर्षांत इंजिनाचं काम निघतं. मग प्रश्न येतो: नाहीतरी इंजिन उघडायचंच आहे, तर ३.० लिटरचं ३.२ करणारं किट घालायचं का?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. किटची किंमत हा एकूण खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. उरलेले चार हिस्से कुठे जातात, हे ज्याला माहीत असतं त्याचंच अंदाजपत्रक टिकतं.

किटमधून काय मिळतं

एससीच्या इंजिनाचा मूळ बोअर ९५ मिलिमीटर, स्ट्रोक ७०.४ आणि क्षमता २,९९४ सीसी. किटमध्ये ९८ मिलिमीटरचे सहा पिस्टन, सहा सिलिंडर, रिंगा, पिना आणि सर्क्लिप येतात. क्षमता ३,१८६ सीसी होते. १९८४ ते १९८९च्या ३.२ कॅरेराला हेच माप लावलं की ३,१६४ची ३,३६७ सीसी होते. दोन्हीकडे वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे नुसत्या वाढलेल्या सीसीतून फार ताकद येत नाही. ती येते कॉम्प्रेशन, कॅमशाफ्ट आणि इंजिनाच्या श्वासातून, आणि या प्रत्येकाचं बिल वेगळं असतं.

ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घ्या: सिलिंडर सोबत येतात की फक्त पिस्टन? स्वस्त दिसणाऱ्या किटमध्ये अनेकदा सिलिंडर नसतात.

खर्चाचा ताळा

अमेरिकेतल्या स्वतंत्र वर्कशॉपमध्ये एससीच्या पूर्ण कामाला येणारा खर्च, ढोबळमानाने, डॉलरमध्ये असा:

- ९८ मिलिमीटरचा पिस्टन-सिलिंडर संच: ४,००० ते ६,०००
- सहा हेडचं काम, नवे गाइड आणि लागतील ते व्हॉल्व्ह: १,५०० ते ३,०००
- गॅस्केट आणि सील: ५०० ते ८००
- हेडचे २४ स्टड: ५०० ते १,०००
- बेअरिंग, नवे रॉड बोल्ट, कनेक्टिंग रॉडची दुरुस्ती: १,००० ते १,५००
- कॅमशाफ्ट आणि रॉकर: ८०० ते १,५००
- टायमिंग चेन, रॅम्प, टेन्शनर: ८०० ते १,५००
- ऑइल पंप, ऑइल कूलर आणि नळ्यांची सफाई: ५०० ते १,०००
- क्रँक आणि क्रँककेस (पुढे नुसतं ‘केस’) धुणं, मोजणं, तपासणं: ५०० ते १,५००
- मजुरी, ५० ते ७० तास, ताशी १५० ते २००: ७,५०० ते १४,०००

बेरीज साधारण १८ ते ३२ हजारांवर जाते. वर १५ ते २० टक्के राखून ठेवा, कारण इंजिन उघडल्याशिवाय आतलं खरं चित्र कळत नाही.

किट न घेताही चालेल का?

अनेकदा चालतं. एससीमध्ये दोन प्रकारचे सिलिंडर सापडतात. निकासिलचा थर असलेले सिलिंडर फार चिवट असतात. मापात बसत असतील तर नव्या रिंगा घालून ते पुन्हा वापरता येतात आणि काही हजार डॉलर वाचतात. अॅल्युसिलच्या सिलिंडरची दुरुस्ती अवघड असते. त्यांना खास लेप दिलेले पिस्टन लागतात आणि साध्या पद्धतीने होनिंग करून भागत नाही. ते झिजले असतील तर नवा संच घेणं शहाणपणाचं, आणि तेव्हा ९८चा विचार जरूर करावा.

म्हणून किट मागवण्याआधी लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी) करून घ्या. इंजिन ऑइल खातंय म्हणजे सिलिंडर गेले असं समजू नका. या इंजिनांत व्हॉल्व्ह गाइड झिजल्यानेही ऑइल जळतं. खालच्या बाजूचे डिलाव्हर धातूचे स्टड तुटणं हा तर एससीचा जुना आजार आहे. या दोन्हींवर किट हा इलाज नाही.

एक निर्णय दुसऱ्याला ओढतो

एससीवर बॉशची के-जेट्रॉनिक इंधन-इंजेक्शन यंत्रणा आहे. तिला सौम्य कॅम लागतात. तापट कॅम घातले की हवेच्या उलट्या लहरी मोजणीची तबकडी हलवतात आणि इंजिन नीट चालत नाही. मग कार्ब्युरेटर किंवा नवं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, म्हणजे आणखी काही हजार.

कॉम्प्रेशनचंही तसंच. कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. (अमेरिकेतलं ९१ युरोपातल्या ९५-९६च्या तोडीचं असतं. भारतातल्या पंपावरच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नका.) कॉम्प्रेशन १०:१च्या वर नेलं तर एवढ्या मोठ्या बोअरला एक प्लग पुरत नाही, नॉकिंगचा धोका येतो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग लावायचे तर हेडचं काम, डिस्ट्रिब्युटर आणि इग्निशन मिळून ३ ते ५ हजार वाढतात.

कायदाही बघा. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या मॉडेलना प्रदूषण तपासणी सक्तीची आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली किंवा कार्ब्युरेटर बसवलेली एससी तिथे पास होणार नाही. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना सूट आहे.

१९७४ ते १९७७ची २.७ लिटरची गाडी असेल तर जास्त सावध राहा. तिची केस मॅग्नेशियमची आहे. उष्णतेने स्टड आट्यांसकट उपटून येतात. केसमध्ये इन्सर्ट बसवून मुख्य बेअरिंगची रेषा सरळ करून घेतल्याखेरीज त्या इंजिनात किटचे पैसे घालू नयेत.

मेकॅनिकला हे विचारा

- क्रँक, रॉड आणि केस यांची मापं लेखी देणार का?
- पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर जुळवणीच्या वेळी मोजणार का? इनटेकला किमान १.५ आणि एक्झॉस्टला २ मिलिमीटर हवं.
- कॉम्प्रेशन छापील आकड्यावरून धरणार की प्रत्यक्ष मोजून?
- हेडचं काम स्वतः करणार की बाहेर देणार? हमी कोणाची?
- काढलेले मूळ पिस्टन-सिलिंडर परत देणार ना? विकताना त्यांना किंमत येते.

इंग्रजी वाचता येणाऱ्याने वेन डेम्प्सी यांचं १९६५ ते १९८९च्या ९११ इंजिनांवरचं पुस्तक आधी वाचावं. स्वतः पाना हातात धरणार नसलात तरी कोटेशन वाचायला त्याचा उपयोग होतो.

आमचा सल्ला

सिलिंडर सुस्थितीत असतील तर मूळ ३.० लिटरच ठेवा आणि पैसे हेड, स्टड, टेन्शनर आणि नेमक्या मोजणीत घाला. १९८४च्या कॅरेराचे हायड्रॉलिक टेन्शनर एससीला बसतात, ते आवर्जून बसवा. सिलिंडर गेले असतील तर सौम्य कॅम आणि एका प्लगला झेपेल एवढं कॉम्प्रेशन ठेवून ९८चं किट घ्या. आणि सगळं काम धरून हाताशी २० हजार डॉलर नसतील, तर किटची ऑर्डर आज देऊ नका. उघडून पडलेल्या इंजिनापेक्षा थोडं ऑइल खाणारं चालू इंजिन केव्हाही बरं.