फाइलचे आडनाव आणि फाइलची सही



जातीचा दाखला, सातबारा उतारा आता मोबाइलवर फाइल म्हणून येतो. पाड्यावरच्या कुटुंबांचे अर्ज भरून देताना या फाइली आपल्या हाती येतात. म्हणून दोन गोष्टी समजून घेऊ.

१. आडनाव. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन. ‘.पीडीएफ’ हा वाचायचा कागद, ‘.जेपीजी’ छायाचित्र, ‘.ईएक्सई’ संगणकावर चालणारा प्रोग्राम, तर ‘.एपीके’ अँड्रॉइड मोबाइलवर बसणारे अ‍ॅप. पण ही नुसती वर चिकटवलेली चिठ्ठी आहे. ती कोणीही बदलू शकतो. विंडोज तर सेटिंग बदलले नसेल, तर ओळखीची एक्स्टेन्शन दाखवतच नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच फटीतून शिरला. त्या फाइलचा शेवट ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असा होता. शेवटचा भाग दडला, लोकांनी साधे पत्र समजून उघडले आणि प्रोग्राम चालू झाला. तेव्हा दाखला किंवा पावती म्हणून ‘.एपीके’ आली, तर ती उघडू नका.

२. सही. डिजिटल सही म्हणजे सहीचे चित्र नव्हे. अधिकारी आपल्या गुप्त किल्लीने फाइलवर गणिती खूण करतो; त्याच्या उघड किल्लीने ती कोणालाही तपासता येते. नंतर एक अक्षर बदलले तरी तपासणीत कळते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार अशा सहीला मान्यता आहे.

ही सही बहुधा पीडीएफच्या आतच असते. ईमेलसोबत ‘.पी७एस’ फाइल दिसली, तर ती पाठवणाऱ्याची सही असते. ‘.पीएफएक्स’ किंवा ‘.पी१२’ फाइलमध्ये मात्र गुप्त किल्ली असते. ती कोणालाही पाठवू नये.

पीडीएफवर सहीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह दिसले, म्हणजे दाखला खोटा असे नाही. पुष्कळदा आपल्या प्रोग्रामला भारतीय प्रमाणपत्राची ओळख करून दिलेली नसते. तेवढ्यावरून कोणा विद्यार्थ्याला परत पाठवू नका.

छापील प्रतीत किंवा स्क्रीनशॉटमध्ये ती गणिती खूण उतरत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. आणि सही खरी असली तरी मजकुरात चूक असू शकते; नाव, गाव, जमात स्वतः वाचा.

करून पाहा: आपल्या मोबाइलमधील पाच फाइलींची आडनावे वहीत लिहा. मग शेजारच्या एका कुटुंबाला त्यांची मूळ फाइल जपून ठेवायला मदत करा.