घरचे वाहन आणि हत्यारांची पेटी

व्यापारी माणसाला हिशेबाची वही जशी हाताशी लागते, तसे आज वाहनही लागते. दुकानाचा छोटा टेंपो, घरची मोटार, मुलांच्या दुचाकी असा परिवार आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी उभा असतो. त्यांच्या लहानसहान दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी कारखान्याची वाट धरावी, तर पैशापेक्षाही वेळेचा अपव्यय अधिक होतो. म्हणून चाक बदलणे, बॅटरीची टोके साफ करणे, तेल बदलणे, हवेचा फिल्टर वा स्पार्क प्लग पाहणे इतकी कामे घरी करता आली, तर ती अवश्य करावीत. परंतु त्यासाठी कोणती हत्यारे घ्यावी व ती कशी वापरावी, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. तो विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी आमचाच एक प्रमाद सांगणे उचित होईल. २०१६ च्या पावसाळ्यात चोर्ला घाटातून माल घेऊन येत असता आमच्या टेंपोचे मागील चाक पंक्चर झाले. पेटीतील पाना स्वस्तात घेतलेला व तोंड सैल झालेला होता. आम्ही प्रथम जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट सैल करू लागलो. नट हलेना, म्हणून जोराने हिसके दिले. जॅकखालची जमीन भिजलेल्या मुरुमाची. जॅक एका अंगाला कलला आणि गाडी धाडकन खाली बसली. खाली पडलेला नट काढण्यासाठी आमच्या पुतण्याने चाकाखाली घातलेला हात त्याने क्षणापूर्वीच मागे घेतला होता, एवढेच आमचे सद्भाग्य. त्या दिवशी वाचवलेल्या पैशांची खरी किंमत काय झाली असती, हे कोणत्याही वहीत मांडता येणार नाही. पुढील प्रत्येक सूचना त्या प्रसंगाची आठवण ठेवूनच लिहिली आहे.

मापाचा विचार

हत्यार घेण्यापूर्वी आपल्या वाहनाचे माप ओळखावे. आजची बहुतेक वाहने मेट्रिक मापाची आहेत. पण जुन्या अँबॅसडर मोटारी, ज्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तसेच जुन्या जीप गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना इंची मापाचे पानेही लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेथे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो खरा, पण ०.३ मिलिमीटरची फट राहते. जोर लावताच पाना कोपऱ्यांवरून सरकतो, नटाचे सहा कोपरे झिजून तो गोल होतो आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होऊन बसते.

मेट्रिक मापातही एक भेद ध्यानात ठेवावा. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला बहुधा १० चा पाना लागतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला युरोपीय पद्धतीच्या गाडीत १३ चा, तर जपानी पद्धतीच्या गाडीत बहुधा १२ चा लागतो. १० मिलिमीटरच्या बोल्टाला युरोपीय गाडीत १६ किंवा १७ चा, जपानी गाडीत बहुधा १४ चा. म्हणून बाजारातील मोठा संच डोळे मिटून घेण्याऐवजी आपल्या गाडीला कोणती मापे लागतात ती एका कागदावर टिपून दुकानात जावे. दुकानदारानेही गिऱ्हाइकाला हाच प्रश्न प्रथम विचारावा, असे आम्ही हत्यारांचा व्यापार करणाऱ्या आमच्या बंधूंना विनवितो.

हाती धरण्याची हत्यारे

पेटीत प्रथम स्थान रिंग पान्यांचे. रिंग पाना नटाला सर्व बाजूंनी धरतो. फिक्स पाना केवळ दोन बाजूंनी. म्हणून घट्ट नट सैल करण्यास रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा आणि सैल झालेला नट भराभर फिरविण्यास फिक्स पाना घ्यावा. गोटी पान्यात सहा कोनांची गोटी निवडावी. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी लवकर बसते, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तीच अधिक झिजविते. स्क्रू पाना हा सोयीचा मित्र असला, तरी त्याच्यावर सर्व भार टाकू नये. वापरावाच लागला, तर त्याचा जोर स्थिर जबड्यावर येईल अशा रीतीने फिरवावा.

पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ढकलताना तो सुटला, तर बोटांची हाडे थेट लोखंडावर आपटतात. ढकलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मूठ उघडी ठेवून तळहाताने ढकलावे.

पेचकस हा छिन्नी म्हणून वापरणे ही आपल्याकडील जुनी खोड. तिने पेचकसाचे टोक जाते व हातही जातो. अधिक चिन्हाच्या स्क्रूला योग्य क्रमांकाचाच पेचकस लावावा. जपानी बनावटीच्या दुचाकींवरील अधिक चिन्हाचे स्क्रू दिसायला साधे, पण त्यांची खाच किंचित निराळी असते. साधा पेचकस तेथे घसरून खाच खातो. अशा स्क्रूसाठी जपानी मापाचा पेचकस निराळा मिळतो.

जोराचे गणित

नट आवळण्याचा जोर म्हणजे हाताचा भार गुणिले दांड्याची लांबी. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलो भार दिला, तर ६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन-मीटर जोर पडतो. त्याच पान्याला नळी जोडून लांबी ६० सेंटिमीटर केली, तर तोच माणूस तितक्याच श्रमात दुप्पट जोर देतो. उलट ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात. लहान पान्याचा दांडा आखूड असतो तो कारागिराने लोखंड वाचवावे म्हणून नव्हे, तर वापरणाऱ्याने मर्यादा राखावी म्हणून. ॲल्युमिनियमच्या भागात बसणारा तेलाचा बोल्ट वा स्पार्क प्लग अति आवळल्याने आटे उडतात आणि अख्खा भाग बदलण्याची पाळी येते.

याकरिता टॉर्क पाना घ्यावा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा त्यावर लावावा. त्याने केवळ आवळावे, नट सैल करण्यास तो कधीही वापरू नये. काम होताच त्याची मात्रा सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. चाकाचे नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावे आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावे.

जॅक आणि घोडी

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हे एक वाक्य प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावे. क्रम असा: गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हातब्रेक लावावा, उचलावयाच्या चाकाच्या तिरक्या समोरील चाकाच्या पुढेमागे लाकडी ठोकळे द्यावेत. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत, मग गाडी उचलावी. माती मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी घालावी. गाडीखाली शिरावयाचे असेल, तर पुस्तिकेत दाखविलेल्या जागी लोखंडी घोड्या लावून गाडीचा भार त्यांवर द्यावा. विटांवर विसंबू नये; वीट पूर्वसूचना न देता फुटते.

विजेची हत्यारे

विजेच्या हत्यारांचा मोह आवरावा, असेच आम्ही प्रथम सांगू. घरगुती कामाला चाकात हवा भरण्याचा लहान पंप व दाब मोजण्याचे मापक यांचाच उपयोग सर्वाधिक होतो. त्यानंतर ड्रिल. ग्राइंडर तर पूर्ण समज आल्यावरच घ्यावे. १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास ११,००० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे २०७ किलोमीटर होतो. तिचा तुकडा उडाला तर तो त्याच वेगाने निघतो. म्हणून चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नाही हे पाहावे, संरक्षक पत्रा कधीही काढू नये, कापण्याच्या चकतीने घासू नये, डोळ्यांवर चष्मा असावा. सैल सदरा, उपरणे वा हातमोजा फिरत्या यंत्राजवळ नको.

बॅटरीवर चालणारा धक्का-पाना, ज्यास इम्पॅक्ट रेंच म्हणतात, गंजलेला नट सोडविण्यास उत्तम. पण शेवटची आवळणी त्याने करू नये. त्याला खास काळ्या रंगाच्या गोट्याच लावाव्यात, चकचकीत गोटी धक्क्याने फुटू शकते.

मर्यादा कोठे

बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडावे व लावताना शेवटी जोडावे. बॅटरीतून निघणारा वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून जवळ ठिणगी नको. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. ब्रेक, सुकाणू आणि एअरबॅग यांची दुरुस्ती जाणत्या कारागिराकडेच न्यावी. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी रंगाच्या जाड तारांना तर हातही लावू नये. काय करावे हे कळणे ही अर्धी विद्या. काय करू नये हे कळणे ही उरलेली अर्धी.

शेवटी आपल्या धर्माची एक शिकवण स्मरते. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना सावध असणे. श्रावकाच्या पेटीलाही हा नियम लागू करावा असे आम्हांस वाटते. काम संपताच हत्यारे मोजून, पुसून, हलके तेल लावून जागच्या जागी ठेवावीत. इंजिनात विसरलेला एक पाना मोठा अनर्थ करू शकतो. काढलेले जुने तेल गटारात वा मातीत ओतू नये. त्याने असंख्य जीवांची हानी होते. ते डब्यात साठवून तेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. आणि अपरिग्रहाचा विचार येथेही सोडू नये. चांगल्या पोलादाची दहा हत्यारे घ्यावीत, कच्च्या लोखंडाची शंभर नव्हेत. आमच्या त्या दिवसाच्या सैल पान्याने आम्हांस एवढे निश्चित शिकविले आहे.