लोमापहरण : ग्रंथोक्त विधी व आजचा व्यवहार

पुरुष रुग्णाने अंगावरील केस काढण्याविषयी विचारले की तो प्रसाधनाचा प्रश्न समजून आपण बाजूस सारतो. वस्तुतः चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ८ व्या अध्यायात पंधरवड्यातून ३ वेळा केश, श्मश्रू, लोम व नखे कापण्यास सांगितले आहे. सुश्रुताचार्य तर व्रणाच्या ६० उपक्रमांत लोमापहरणाची गणना करतात. केसांनी व्याप्त व्रण नीट भरून येत नाही, हे त्याचे कारण. माकडहाडाजवळ केस रुतून होणारा नाडीव्रण तरुण पुरुषांत अधिक आढळतो, तेथे याचा प्रत्यय येतो.

क्षुर, कर्तरी व संदंश ही साधने. लेपात शंखचूर्ण २ भाग व हरताळ १ भाग, शुक्तात वाटून. हरताळ हे आर्सेनिकचे सल्फाइड होय. ते चुन्यासह कालविल्यास केसातील केराटिनचे बंध तुटतात. बाजारातील थायोग्लायकोलेटयुक्त मलमेही हेच बंध तोडतात. तथापि ग्रंथोक्त आहे एवढ्यावरून हा लेप देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हरताळ औषध नियमांच्या ई (१) या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे, आणि वृषणाची त्वचा कोणतेही द्रव्य फार त्वरेने शोषते.

क्षारसूत्रापूर्वी आदल्या रात्री वस्तरा फिरविण्याची रीतही सोडावी. सूक्ष्म जखमांतून जंतुसंसर्ग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केस न काढणे, वा आवश्यक तेथे क्लिपरने कापणे, हाच मार्ग सांगितला.

औषधविक्रेत्यांनी मलम देताना ते जननेंद्रियांवर लावू नये व प्रथम हातावर थोडे लावून २४ तास पाहावे, हे आवर्जून सांगावे. केस राठ म्हणून वेष्टनावरील वेळेपेक्षा अधिक ठेवणारे ग्राहकच पुढे दाह घेऊन आपल्याकडे येतात.