आदिवासी जमीन, खंडाचा ऊस आणि होऊ घातलेला कायदा



लागणीच्या नोंदी घेताना आमच्या शेतकी खात्यापुढे एक गोष्ट वारंवार येते. ऊस एकाचा असतो आणि सातबारा दुसऱ्याचा. डहाणू-तलासरी भागात सातबाऱ्यावरचे नाव पुष्कळदा आदिवासी खातेदाराचे निघते. सूर्या कालव्याचे किंवा कुर्झे धरणाचे पाणी मिळाले की जमिनीला मागणी येते आणि साध्या स्टॅम्पवर दोन ओळी लिहून तीन वर्षांचा खंड ठरतो. "साहेब, सही-अंगठा झालाय, नोंद धरा," असे सांगणारे सभासद आम्हाला दर हंगामात भेटतात. या विषयावर सध्या सरकारदरबारी हालचाल चालू झाली, म्हणून हा पाठ.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ हे ६ जुलै १९७४ पासून लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा अशा कोणत्याही वाटेने जायची असेल तर आधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची परवानगी लागते. त्यापुढे काहीही करायचे असेल तर कलेक्टरच्या परवानगीला राज्य सरकारची मंजुरी हवी. परवानगीशिवाय केलेला व्यवहार कलेक्टर रद्द ठरवू शकतो, आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. उभ्या उसाचे काय, असे कोणी विचारले तर त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

आता आपल्या पिकाचा हिशेब यात बसवून पहा. सुरू लागण बारा महिन्यांची, पुढे खोडवा, आणि बेणे चांगले असेल तर दुसरा खोडवा. म्हणजे झाली तीन-साडेतीन वर्षे. ही मुदत पाच वर्षांच्या आत बसते. तेव्हा मंत्रालयाची पायरी चढण्याची गरज उसाच्या खंडाला आजच नाही. गरज आहे ती कलेक्टर कचेरीत अर्ज करण्याची, आणि नेमका तोच कोणी करत नाही.

हे बंधन उगाच आलेले नाही. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारली आदिवासी एकत्र जमले आणि वेठबिगारीविरुद्ध उठले, ते जमीनदार-सावकारांच्या तावडीतून सुटण्यासाठी. गोदावरी परुळेकरांचे नाव त्यामुळे या भागात घरोघरी आहे. पुढे १९७४ च्या जमीन प्रत्यर्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची सोय केली. मग १९९६ च्या डिसेंबरात पेसा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन हातची जाऊ न देण्याचा आणि गेलेली परत मिळवण्याचा अधिकार त्यात आहे. त्या लोकसभेत डहाणूचे खासदार होते अ‍ॅड. चिंतामण वनगा, तलासरीकडचे, भारतीय जनता पक्षाचे. डावे असोत की उजवे, या प्रश्नाला येथे कोणालाच बगल देता आलेली नाही.

आता नवी गोष्ट. त्याच पक्षाचे महसूलमंत्री श्री. चंद्रशेखर बावनकुळे यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये गडचिरोलीत जाहीर केले की आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन खाजगी व्यक्तीला वा कंपनीला भाडेपट्ट्याने देता यावी, करार कलेक्टरच्या पातळीवर व्हावा, आणि वर्षाला एकरी किमान ५० हजार रुपये, म्हणजे हेक्टरी सव्वा लाख, मिळावेत असा कायदा आणू. मालकी आदिवासीचीच राहील, पडीक जमिनीला उत्पन्न येईल, हा त्यामागचा विचार. हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. आजही चोरून खंड चालतोच, आणि मालकाच्या हातात फार थोडे पडते.

पण आकडा तपासू. एकरी ४० टन ऊस धरा. २०२५-२६ हंगामाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. एकूण झाले १ लाख ४२ हजार. यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. नांगरट, बेणे, खत, पाणी, मजुरी वेगळी. उतारा कमी पडला तर दरही खाली येतो. मग ५० हजार खंड देऊन ऊसवाल्याच्या पदरात काय उरणार? आमच्या मते हा खंड साध्या शेतकऱ्याला परवडणारा नाही. तो देईल कारखानदार, सौर प्रकल्पवाला किंवा खाणवाला. तिथे एकदा मुरूम पसरला, खांब रोवले, की मुदत संपल्यावर परत मिळेल ती जमीन असेल, शेत नव्हे. डहाणू तालुक्यात २० जून १९९१ च्या पर्यावरण अधिसूचनेने उद्योगांची जागा ५०० एकरांत बांधली म्हणून थोडा आडोसा आहे. इतर तालुक्यांना तोही नाही.

आणखी एक. मंत्र्यांनी जाहीर करणे म्हणजे कायदा होणे नव्हे. विधेयक यावे लागते, दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागते, मग राज्यपालांची सही आणि राजपत्र. राजपत्रात छापून येईपर्यंत कलम ३६-अ जसेच्या तसे लागू. "आता सगळे मोकळे झाले" असे सांगत कोरे कागद घेऊन कोणी दलाल पाड्यावर आला, तर त्याला आधी राजपत्र दाखवायला सांगा. सूचना द्यायच्या असतील तर त्या ग्रामसभेच्या ठरावाने आमदारांकडे पाठवाव्यात. आम्ही सुचवू ते असे: शेतीसाठी खंडाचा दर वेगळा असावा, आणि करार मालकाला समजेल अशा भाषेत, ग्रामसभेत वाचून दाखवून व्हावा.

खंडाच्या जमिनीवरील उसाची नोंद करताना चालू सातबारा, खाते उतारा, आणि मालक आदिवासी व कसणारा बिगर-आदिवासी असल्यास कलेक्टरच्या परवानगीची प्रत गट ऑफिसात द्यावी. अर्ज कसा लिहावा हे ठाऊक नसेल तर बाजाराच्या दिवशी ऑफिसात यावे, आम्ही लिहून देऊ.