कॉकटेलला सोबती आणण्याआधी हिशेब मांडा

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावात कॉकटेल (कॉकाटिएल) हा पक्षी पाळायचा, तर तो, पिंजरा, औषधं यांसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. चुकीचा पक्षी घरी आला की पुन्हा गाडीभाडं आणि दिवस मोडणं आलंच. ही चूक बहुतेकदा एकाच कारणाने होते: ‘एकटा आहे, जोडी लावून द्या’ म्हणत आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो.

सहा महिन्यांच्या आतली कॉकटेलची पिल्लं नर असोत वा मादी, मादीसारखीच दिसतात. त्या वयात कुणी ‘गॅरंटीची जोडी’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर देऊ नका. साधारण 6 ते 9 महिन्यांत पहिली पिसं झडली की फरक उमटतो. करड्या नराचा चेहरा लख्ख पिवळा होतो, गालावरचा नारिंगी ठिपका उठून दिसतो. मादीचा चेहरा करडाच राहतो. शेपटीखाली आडवे पट्टे आणि पंखांच्या आतून ठिपके टिकतात. पर्ल जातीत नराची मोत्यांसारखी नक्षी बहुधा जाते, मादीची राहते. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनोची शेपटी खालून, उजेडात पाहा. फिकट आडवे पट्टे असले तर मोठा पक्षी मादी समजा. पाइड, म्हणजे चट्टेरी रंगाचा पक्षी, मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. शीळ घालणारा, पंख खांद्यापासून किंचित उचलून मिरवणारा पक्षी बहुधा नर असतो, पण त्यावर पैसे लावू नयेत. एकट्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात अंडं दिसलं तर मात्र शंका संपली, ती मादीच; नर नसतानाही मादी अंडी घालते.

खात्री हवी असेल तर डीएनए चाचणी करा. मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळा दर पक्ष्यामागे साधारण 500 ते 1,000 रुपये घेतात आणि नमुना टपालाने चालतो. छातीची तीन-चार पिसं मुळासकट उपटलेली हवीत; पिंजऱ्यात गळून पडलेली चालत नाहीत. माझ्या मते सगळ्या खर्चात हेच पैसे सर्वांत सार्थकी लागतात.

सोबतीसाठी नर-मादीच हवी असं नाही. दोन नरही सहसा सुखाने राहतात, आणि पिल्लं नकोत अशा घरी तीच जोडी बरी. नर-मादी ठेवलीत तरी अंड्यांची पेटी लावू नका. एका वेळी 4 ते 6 अंडी येतात. ती सगळी पिल्लं कुठे देणार? आणि एकाच घरट्यातली भावंडं जोडी म्हणून कधीच घेऊ नका.

आता खर्च. दुकानागणिक दर बदलतात, तरी अंदाज असा: एक करडा कॉकटेल 1,500 ते 2,500 रुपये, दोघांची चाचणी 1,000 ते 2,000, दोघांना पुरेल असा मोठा पिंजरा 3,000 ते 5,000 आणि नव्या पाहुण्यासाठी छोटा पिंजरा 1,000 ते 1,500. एकूण साडेसहा ते अकरा हजार. छोटा पिंजरा वाचवू नका. नवा पक्षी किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत हवा. वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही आजार घेऊन येतो. नंतर पिंजरे शेजारी ठेवा, मगच एकत्र करा. खाण्यात आपल्याकडे बचत होते: घरची बाजरी, ज्वारी, थोडा राळा, धुतलेली मेथी आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस. सूर्यफूल तेलकट, म्हणून बेताने.

स्वस्तात सोबती म्हणून कुणी आपला देशी पोपट देऊ केला तर साफ नकार द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याला ही बंदी नाही.

शेवटचं काम पक्षी आणण्याआधीचं. अंडं अडलेली मादी काही तासांत दगावू शकते आणि पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर सगळीकडे मिळत नाही. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि परतूरहून तिथे रेल्वेने जाता येतं. तिथे आणि जालन्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी तपासतात का, कोणत्या वेळेत, हे आधीच विचारून ठेवा.