सुमे, सही करायच्या आधी

सुमे, काल फोनवर तू एवढंच म्हणालीस, "ताई, लघवीची पिशवी काढायची म्हणतात," आणि फोन श्रीकांतरावांकडे दिलास. ते म्हणाले, "आमच्या अण्णांचं झालंच की हे ऑपरेशन! खणखणीत आहेत, बॅग नाही की काही नाही." अण्णा बरे आहेत हे फार चांगलं झालं. पण अण्णांचं ऑपरेशन वेगळं, तुझं वेगळं. हे त्यांच्यासमोर नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले. एवढी वर्षं युरॉलॉजीच्या वॉर्डात काढली, त्याचा उपयोग बहिणीलाच नाही तर कुणाला?

पुरुषाच्या ऑपरेशनमध्ये लघवीच्या पिशवीबरोबर प्रोस्टेट आणि वीर्यकोश जातात, शिवाय ओटीपोटातल्या लसिकागाठी. प्रोस्टेटला लगटून जाणाऱ्या नसा दुखावल्या की नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. म्हणून जमेल तिथे त्या नसा वाचवतात, आणि डॉक्टर बहुतेक वेळा हे आपणहून सांगतात.

बाईचं काय? जुन्या पद्धतीत पिशवी, मूत्रमार्ग, गर्भपिशवी, नळ्या, दोन्ही अंडाशयं आणि योनीमार्गाची पुढची भिंत, सगळं एकदम काढायचे. भिंत काढून शिवलं की योनीमार्ग अरुंद नाहीतर आखूड होतो. तुझी पाळी अजून चालू आहे. अंडाशयं गेली की ती एका दिवसात बंद होईल आणि अंगातून वाफा, झोपमोड, हाडांची झीज हे सगळं मागे लागेल. "आता मुलं मोठी झाली, गर्भपिशवी काय करायचीय?" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नकोस. हल्ली गाठ कुठे आहे, किती खोल गेली आहे हे बघून निवडक बायकांमध्ये अंडाशयं, गर्भपिशवी, योनीमार्गाची भिंत राखता येते. तुझ्यात जमणार नाही असंही उत्तर येईल, आणि ते पटण्यासारखं असेल तर मान्य कर. कॅन्सर मागे ठेवून काही वाचवायचं नाही. पण विचारायचं मात्र तूच.

आता बॅगेचं. पिशवी गेली तरी मूत्रपिंडं काम करतच असतात, त्या लघवीला वाट हवी. सगळ्यात रुळलेली वाट ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जननी १९५० मध्ये मांडली. लहान आतड्याचा साधारण १५ ते २० सेंटिमीटर तुकडा घ्यायचा, मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडायच्या आणि त्याचं तोंड पोटावर काढायचं. ते तोंड म्हणजे स्टोमा, त्यावर बॅग. अण्णांचं केलंय ते दुसरं. अर्धा मीटरच्या आसपास आतडं उभं कापून, दुमडून, त्याची नवी पिशवी शिवतात आणि ती मूळ मूत्रमार्गाला जोडतात. ऐकायला छान वाटतं. पण त्या पिशवीला भरल्याची जाणीव आधीसारखी होत नाही. घड्याळ लावून जावं लागतं, रात्रीसुद्धा. झोपेत गळण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. बायकांमध्ये कधी उलटंच, लघवी पूर्ण होतच नाही आणि दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालावी लागते. शिवाय मूत्रपिंडं चांगली हवीत आणि मूत्रमार्गाच्या टोकाशी कॅन्सर नको. तुझी गाठ पिशवीच्या तोंडाशी असेल तर हा विषयच संपला. खरं सांगू? बॅग असलेल्या कितीतरी बायका मी लग्नात पंगती वाढताना पाहिल्यात. बॅग म्हणजे हलक्या प्रतीचं ऑपरेशन, हे डोक्यातून काढून टाक.

मात्र स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी ठरवून घे. स्टोमा सिस्टर तुला उभं करेल, बसवेल, वाकायला लावेल आणि पोटावर पेनने खूण करेल. त्या दिवशी साडी-परकर घेऊन जा. परकराची नाडी नेमकी त्या तोंडावर आली तर जन्माचा वैताग. पोटाची वळी पडते तिथेही नको, बॅग चिकटत नाही. स्टोमा ओठाच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओला असतो. हात लावला तर दुखत नाही. लघवीत पांढरे चिकट धागे दिसतील. तो आतड्याचा स्राव, घाबरायचं नाही. बॅग बदलायची सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. तेव्हा लघवी कमी येते.

श्रीकांतराव रोबोटचं विचारत होते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी आली. दोन वर्षांनी पाहिलं तर कॅन्सरच्या बाबतीत रोबोट पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा कमी ठरला नाही, पण सरसही नाही. रक्त कमी जातं, घरी थोडं लवकर सोडतात, एवढंच. त्यासाठी पाटल्या मोडू नका. हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन कोण, ते बघा. तुमचं रुग्णालय फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून काय काय बसतं ते विचारा.

आणखी एक. कॅन्सर पिशवीच्या स्नायूत शिरला असेल आणि मूत्रपिंडं साथ देत असतील, तर ऑपरेशनच्या आधी केमो देतात. काही निवडक जणांना गाठ दुर्बिणीतून खरवडून, मग केमो आणि रेडिएशन देऊन पिशवी राखताही येते. तुझ्याशी यातलं कुणी काही बोललं का? नसेल तर दुसरं मत घ्यायला लाजू नकोस. तपासणीच्या वेळी काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून मागून घे. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, दुसरे डॉक्टर तेच आधी मागतील.

संबंधांबद्दलचा प्रश्न राउंडला दहा जणांसमोर तुझ्या तोंडून निघणार नाही, मला माहीत आहे. ओपीडीत दार लावून विचार. श्रीकांतराव शेजारी बसू देत, पण उत्तरं तू दे. बॅग बदलायलाही आधी तू शीक, मग त्यांना शिकव.

शुक्रवारी मी येतेच आहे. फाइल, स्लाइड आणि साडी-परकर एका पिशवीत भरून ठेव. डबा मी आणते.