टॅपेटची पट्टी आणि रिव्हॉल्वरची फट

भाचेबुवा, भाऊजींचं रिव्हॉल्वर रीतसर तुझ्या नावावर झालं, हे फोनवर कळलं. पाठोपाठ तुझा प्रश्न आला, "मामा, याची नळी तीनच इंच आहे. लांब नळीचं घेऊ का?" पेणला गॅरेज चालवणाऱ्याने नळी मोजावी आणि फट मोजू नये, याचं मला हसू आलं. पोलिसांच्या शस्त्रागारात माझी हयात गेली, म्हणून चार गोष्टी कानात घालतो.

नळीचं आधी. दारू जळून वायू होतो, आणि गोळी नळीत असेपर्यंतच तो तिला नीट ढकलतो. नळी वाढली की ढकलायला वाव वाढतो, एवढं तुझं बरोबर. पण .32 च्या काडतुसात दारू चिमूटभर, तीही झटपट जळणारी. बहुतेक काम सुरुवातीच्या दोन-तीन इंचांतच उरकतं. गोळीचा वेग सेकंदाला 700 फुटांच्या आसपास. वाढीव इंचामागे 20-30 फूट मिळतील, पुढे तेही कमी होत जातात. एकाच कारखान्यातून निघालेल्या सारख्या दोन रिव्हॉल्वरांतही एवढा फरक पडतो. लांब नळीचा खरा फायदा नेम धरताना होतो, कारण माशी आणि खाच यांच्यातलं अंतर वाढतं. दुकानात पिस्तुलाशी तुलना करून कुणी इंच सांगू लागला तर ऐकून घे, भुलू नकोस. पिस्तुलाच्या मापात काडतुसाचं घर धरलेलं असतं. रिव्हॉल्वरमध्ये ते घर सिलिंडरमध्ये, म्हणून नळीच्या मापात येत नाही.

आता फट. सिलिंडर फिरायला हवा, म्हणजे नळीच्या बुडाशी थोडी जागा सोडावीच लागते. आमच्या रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात ना, त्या रायफलींना ही भानगड नाही. काडतुसाचं घर आणि नळी एकसंध. रिव्हॉल्वरमध्ये मात्र गोळी घरातून नळीत उडी मारते आणि त्या क्षणी वायू दोन्ही बाजूंनी फुसकन निसटतो. हेड गॅस्केट गेलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आठव. रशियाच्या 1895 च्या नागांत रिव्हॉल्वरने यावर तोड काढली होती. घोडा मागे गेला की त्याचा सिलिंडर पुढे सरकतो आणि काडतुसाचं तोंड नळीत शिरून फट बुजते. बाकी जग फटीसकट जगतं.

साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर फट चालते. त्याहून बारीक ठेवली तर वेग किंचित वाढेल, पण चार-सहा बार झाल्यावर काजळी धरून सिलिंडर अडेल. रुंद झाली तर वेग घटतो, शिवाय शिशाचे कण बाजूला उडतात. जुन्या हत्यारात सिलिंडर पुढेमागे हलायला लागतो आणि फट आपोआप वाढते. भाऊजींचं हत्यार जुनं आहे, म्हणून मला नळीपेक्षा हीच काळजी.

मोजायचं कसं, ते तुला मी काय सांगणार! टॅपेट सेट करायची तुझी फीलर गेज घे. आधी सहाही घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री कर. मग प्रत्येक घर नळीसमोर आणून पट्टी सरकव. एकदा सिलिंडर मागे रेटून, एकदा पुढे ओढून. सहा घरांची सहा मापं निघाली तरी दचकू नकोस, थोडा फरक असतोच. पण 0.25 ची पट्टी सहज गेली, तर परवानाधारक कारागिराकडे न्यायचं. गॅरेजमधली कानस त्याला लावलीस तर माझ्याशी गाठ आहे.

डाव्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढे कधीही न्यायचं नाही. रायफल धरायची सवय असलेला एक शिपाई सरावाला आला, हात पुढे नेला आणि पहिल्याच बाराला बोटाची कातडी फाटून काळीठिक्कर झाली. दोष हत्याराचा नव्हता.

आपल्याकडच्या पावसात चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, ओल धरते. सिलिंडरचं तोंड पुसून तेलाचा हात फिरव, आणि तेल घरांत साचू देऊ नकोस.

येत्या रविवारी रोह्याला ये. परवाना सोबत असू दे, काडतुसं घरी कुलपात, आणि ती फीलर गेज विसरू नकोस. माझ्या पट्ट्या गंजल्यात.